जुबेदाचे धुतलेले तंबू

तंबू पावसाने मरत नाही, उन्हाने मरतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांना पुढचं वाचायची सक्ती नाही. पाऊस वरून वाहून जातो. ऊन मात्र कापडात शिरतं आणि आतून दोरा न् दोरा खातं. बाहेरून तंबू बरा दिसतो, रंग थोडा उतरलेला, एवढंच. मग एक दिवस काठी घालताना तो पापडासारखा मोडतो आणि गिऱ्हाईक माझ्यापुढे आणून टाकतं. म्हणतं, "आजी, जरासाच फाटलाय."

जरासाच. मी बोट लावलं की त्या जरासाच्या शेजारी दुसरं भोक पडतं. मग गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मीच फाडला.

मी दिवेआगरला तंबू, पाठीवरच्या सॅका आणि झोपायच्या पिशव्या शिवते. सासरे गलबतांची शिडं शिवायचे. नवरा ट्रकच्या ताडपत्र्या आणि रिक्षांचे हूड शिवायचा. जाड कापड हा घरचा धंदा, कापड तेवढं बदलत गेलं. नवरा गेला तेव्हा मशीन माझ्याकडे आलं. तो कोणालाही नाही म्हणायचा नाही, त्यामुळे घरात नेहमी दुसऱ्यांची भोकं पडलेली असायची. मी नाही म्हणायला शिकले. दुकानाला पाटी नाही. समुद्राकडे जाताना एक म्हातारी ओरडताना ऐकू आली की समजायचं, आलं दुकान.

लोकांना वाटतं हे शिवणकाम आहे. निम्मं काम शिवणं असतं, निम्मं काम शिवायचं नाही हे सांगणं. मेलेल्या कापडाला सुई मारली की टाक्यांची जी ओळ पडते, तिथूनच ते पुढे फाटतं. वहीचं पान फाडायला आधी भोकं पाडून ठेवावीत तसं. ठिगळ शाबूत राहतं, तंबू त्याला सोडून जातो. कड्यावर लोंबकळायचे कमरेचे पट्टे तर मी हातातही घेत नाही. एक जण म्हणाला, "आजी, दोनच टाके मारा, कोणाला कळणार नाही." मी म्हटलं, "तुला कळेल ना, खाली जाताना." तो गेला. पुढे काय झालं ते माहीत नाही. मी शिवला नाही, एवढं माहीत आहे.

चेनचं सांगते. चेन उघडी राहायला लागली की सगळे म्हणतात दात गेले. दात सहसा जात नाहीत. वरून फिरतो तो रनर सैल होतो. पकडीने हलका दाबला तर काही दिवस चालतो, नाहीतर नवा घालायचा. पण आमच्या किनाऱ्यावर कुठल्याही दुखण्याला औषध एकच, खोबरेल. डोक्याला खोबरेल, गुडघ्याला खोबरेल, कुलपाला, बिजागरीला. मग खाऱ्या वाऱ्याने चेन अडली की चेनलाही तेच. दिवसभर ती लोण्यासारखी चालते. रात्री वाळू येऊन तेलाला चिकटते आणि सकाळपासून रनर दात दळायला लागतो. आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या तंबूवाल्यांनी हे एकदा तरी केलेलं आहे. मी मेणबत्ती घासायला सांगते. ते मान डोलावतात आणि घरी जाऊन खोबरेल लावतात.

एकाने पावसात भिजलेले तंबू बोंबील वाळवायच्या बांबूंवर टाकले. बांबू मोकळे होते, ऊन चांगलं होतं, त्याचं काय चुकलं? तंबू खडखडीत वाळले. मग त्यात कांदा-लसूणसुद्धा न खाणारं एक मोठं कुटुंब उतरलं. गावातली सगळी मांजरं त्या तंबूभोवती बसून राहिली. मालक तंबू घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला, "वास काढून द्या." मी म्हटलं, "वास शिवता येत नाही रे."

बूट हे माझं काम नाही, पण एक निवृत्त साहेब बूट घेऊन माझ्याकडेच आले. नोकरीभर त्यांनी ते खोक्यात जपून ठेवले होते, निवृत्त झाल्यावर डोंगर चढायचे म्हणून. तळा गावाच्या गडावर पहिल्याच चढाला बुटांचे दोन्ही तळ मागे राहिले आणि साहेब पुढे गेले. "अहो, पण नवे होते! एकदाही घातले नव्हते!" हेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी म्हटलं, "साहेब, म्हणूनच." आतला फोम पडून पडून पिठासारखा होतो. बूट चालून झिजतात ते परवडलं, ठेवून मरतात ते वाईट. साहेबांनी बूट पुन्हा खोक्यात ठेवले. मग चहा पिऊन चप्पल घालून गेले.

आणि गॅरंटीवाले. पुण्याचा एक तरुण सॅकचा उसवलेला पट्टा घेऊन आला. वर मलाच सांगतोय, "आजी, हिला लाइफटाइम गॅरंटी आहे." मी विचारलं, "कोणाच्या लाइफची? तुझ्या, सॅकच्या की कंपनीच्या?" तो हसला. मग हळूच म्हणाला, "कंपनी बंद पडलीय." पट्टा मी चौकोनात फुली मारून शिवला. त्याला म्हटलं, आता माझ्या लाइफची गॅरंटी धर, ती थोडीच राहिली आहे.

पण मला सांगायचं आहे ते जुबेदाचं.

जुबेदा माझ्याच वयाची. तिच्या सासऱ्यांचं गलबत होतं आणि त्याचं शीड माझे सासरे शिवायचे, म्हणजे आमची भांडणं दोन पिढ्यांची. समुद्राला लागून तिची सुपारीची वाडी. चक्रीवादळात ती आडवी झाली. सकाळी वाडीत उभं राहिलं तर थेट समुद्र दिसायला लागला, जो त्या वाडीतून कधीच कोणाला दिसला नव्हता. सुपारी नवीन लावली, पण ती धरायला वर्षं लागतात. तिचा मुलगा इम्तियाज मस्कतला नोकरीला. त्याने तंबू घेऊन दिले आणि मोकळ्या जागेत जुबेदाचा कॅम्प सुरू झाला. पाहुणे मुंबईहून यायचे, समुद्र बघायचे, जुबेदाच्या हातची माशांची आमटी आणि तांदळाची भाकरी खायचे, तंबूत झोपायचे.

आता यातला घोळ लक्षात घ्या. झाडं पडली म्हणून कॅम्प झाला आणि झाडं पडली म्हणून तंबूंवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. दुसऱ्या वर्षापासून ते माझ्याकडे यायला लागले. मी शिवत गेले. जुबेदा माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झाली आणि सगळ्यात कटकटीचंही.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर ती दुकानात आली आणि माझ्याशी भांडलीच नाही. ती न भांडता बसली की काहीतरी बिनसलेलं असतं.

"काय झालं?"

"इम्तियाज बोलतो वाडी विकून टाक. हॉटेलवाला आलाय, त्याला दे. आणि तू फ्लॅटवर राहा, सूनबाईजवळ."

त्याचा फ्लॅट नवी मुंबईत, सातव्या मजल्यावर.

"मग?"

"मग काय मग? सातव्या मजल्यावर मी काय करू, कावळ्यांची हजेरी घेऊ? मी बोलले, हा सीझन बघ. नाताळच्या सुट्टीत तू येतोस ना, कॅम्प बघ. बरा चालला तर वाडीचं नाव काढायचं न्हाय. न्हाय चालला तर मी येते गपचूप."

"आणि तो हो म्हणाला?"

"म्हणाला. त्याला ठाऊक हाय तंबू कसे झालेत ते."

मला तिची दया वगैरे आली नाही. मनात पहिला विचार आला तो गिऱ्हाईक चाललं हा. मी म्हटलं, "तंबू घेऊन ये, बघते." ती म्हणाली, "आधी जरा साफ करते, मग तुला दाखवते." तिथेच मी तिला थांबवायला हवं होतं असं लोक म्हणतात. लोकांनी जुबेदाला कधी थांबवून बघावं.

दिवाळी झाल्यावर तिने निरोप पाठवला, येऊन बघ. मी वाडीत गेले तर सगळे तंबू ओळीने उभे, आणि काय सांगू, दुकानातून आत्ता आणल्यासारखे. डाग नाही, बुरशी नाही, बोंबलाचा सोडा, कसलाच वास नाही.

"कसे दिसतात?" जुबेदा कमरेवर हात ठेवून उभी.

"काय केलंस?"

"धुतले. गरम पाणी, सोडा, पावडर. आणि आतून इतके चिकट झाले होते म्हणून सांगू, मेल्या पाहुण्यांनी काय सांडलं अल्ला जाणे. ते नारळाच्या सोडणाने घासून काढलं. दोन बाया लावल्या होत्या. हात सोलले माझे."

मी जवळच्या तंबूचं कापड दोन बोटांत धरलं. मग धुण्याच्या दगडाकडे गेले. दगडाच्या फटीत पांढरी सालपटं अडकली होती, माशाच्या खवल्यांसारखी.

ते चिकट म्हणजे घाण नव्हती. तंबूच्या कापडाला आतून एक पातळ लेप असतो, दुधावरच्या सायीसारखा. पाणी तो अडवतो, कापड नाही. लेप म्हातारा झाला की चिकट होतो. तेव्हाही थोडंफार काम करतो. जुबेदाने तो नारळाच्या काथ्याने खरवडून काढला होता, जशी आपण करपलेली कढई काढतो. आमच्याकडच्या बाईच्या हातात सोडण दिलं की ती तळ दिसेपर्यंत थांबत नाही. शहरातल्या कोणी असं केलं नसतं, एवढं घासायची त्यांना सवयच नाही.

"जुबे, आता ही चाळणी झाली."

"चाळणी तुझं तोंड. नवे दिसतात."

"दिसतात."

"मग? तू जळतेस. आता शिवायला न्हाय येणार म्हणून."

"आत बस."

"काय?"

"तंबूत जाऊन बस आणि चेन लाव."

ती बसली. चेन लावली. आतून म्हणाली, "आता काय नमाज पढू?" मी विहिरीवरून कळशी भरून आणली आणि तंबूवर उपडी केली.

आतून जो आवाज आला तो मी लिहीत नाही, हा अंक घरातली सगळी माणसं वाचतात. नेमका त्याच वेळी तिचा फोन वाजला. इम्तियाजचा, चित्रवाला. तिने सवयीने उचलला.

"अम्मी? भिजलीस कशी? पाऊस पडतोय का तिकडे?"

"पाऊस न्हाय रे, गोदा पडतेय!"

मी चेन उघडून आत डोकं घातलं. "इम्तियाज, मी गोदामावशी. तुझी आई तंबू तपासतेय."

तो आधी हसला. पोट धरून हसला. मग त्याने तिला फोन वर धरायला सांगितला, कापड बघितलं, पाण्याचे थेंब बघितले, आणि त्याचं हसू गेलं. "अम्मी, आता पुरे," तो म्हणाला. "मागच्या वर्षी विहिरीजवळ पडलीस तेव्हा कोण होतं? मी इकडे फोन धरून बसलो होतो. हट्टापायी तिकडे राहायचं आणि माझी झोप घालवायची. मी हॉटेलवाल्याला हो सांगतो."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मला त्याचा राग आणता आला असता तर सोपं झालं असतं.

जुबेदा ओल्या ओढणीने तोंड पुसत म्हणाली, "नाताळ झालाय का? तू बोललास नाताळला. नाताळला ये." आणि फोन बंद केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चाळणी केली ती मी केली. आता रस्ता सांग."

आधी आम्ही ताडपत्रीचा रस्ता धरला. आमच्याकडे प्रत्येक घरात निळी ताडपत्री असते, पावसाळा सरला की घडी करून माळ्यावर जाते. एक तंबूवर टाकली. वारा कुठून येतो बघायला दोघी भरदुपारी आत बसलो. वारा कुठूनच येत नव्हता. थोड्या वेळाने आमचाच श्वास वर जमून थेंब थेंब पाठीवर पडायला लागला.

"उकडीचे मोदक झालो," मी म्हटलं.

"तू मोदक. मी उठले," जुबेदा म्हणाली आणि बाहेर गेली. बाहेरून तंबू कसा दिसतो ते बघून तिचा चेहराच पडला. वादळानंतर सरकारने ज्या ताडपत्र्या वाटल्या होत्या, त्यांच्याखाली गाव राहत होतं, तसाच हुबेहूब. "हे न्हाय," ती म्हणाली. "हे परत न्हाय." ओढून काढली.

नवे तंबू घ्यावेत, तर इम्तियाजला सांगावं लागलं असतं आणि ते ती मेली तरी करणार नव्हती. मी म्हटलं, "नवे आणलेस तरी काय? ऊन तेच. दोन वर्षांत परत माझ्या दारात. सावली करायला हवी."

"सुपारी काय उद्या वाढणार हाय?"

"सुपारी नाही. मांडव."

आमच्याकडे पूर्वी अंगणात लग्न असलं की झापांचा मांडव पडायचा. झाप म्हणजे नारळाची झावळी मधून चिरून तिची पाती एकमेकांत विणायची. पावसाआधी भिंतींना लावायचे तेही झापच. वर्षभर टिकतात. पुढच्या पावसात कुजतात, खाली काढून न्हाणीच्या चुलीत घालायचे आणि नवे विणायचे. झाप टिकला नाही म्हणून कोणी कोणाकडे तक्रार घेऊन गेलं नाही. आता विणणाऱ्या बायका गावात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, बाकी सगळीकडे पत्रा. मी शिडाच्या घरात आले, मला झाप फारसा येत नाही. जुबेदाला येतो. ती झावळीवर बसली की पातं तिच्या हातात आपणहून वळतं. तिला हे येतं याचं तिलाच काही वाटत नव्हतं. गरिबांचं काम म्हणून ती ते कधी कोणाला सांगायचीही नाही.

मी वरचं मेलेलं कापड कात्रीने सरळ कापून टाकलं. जुबेदाने दर कापाला "या अल्ला" म्हटलं. आतली जाळी चांगली होती, कारण ती इतकी वर्षं वरच्या कापडाच्या सावलीत राहिली होती. डास अडवायला पुरेशी. जाळीच्या शिवणी मी नव्याने घातल्या, तळाच्या कापडाला जाड पट्टी दिली. तिने बायकांना हाताशी धरून झाप विणले, वाडीत लांबलचक मांडव घातला आणि त्याखाली जाळीचे तंबू ओळीने लावले. दव वर झाप पिऊन टाकायचा. पाऊस आलाच, तर पाहुण्यांनी उठून जुबेदाच्या ओटीवर यायचं, हे आधीच सांगून ठेवलं. नाताळच्या आदल्या आठवड्यात आभाळ आलं तेव्हा सगळे खरंच ओटीवर आले, एकमेकांच्या पायात पाय घालून झोपले आणि सकाळी भाकऱ्या दुप्पट खाल्ल्या.

एका पाहुणीने मला विचारलं, "हे सगळं इको आहे ना?" मी म्हटलं, "हो, सगळं इको. म्हातारीसुद्धा."

इम्तियाज आला. मांडवाखालून वाकून फिरला, जाळ्या ओढून बघितल्या, खांब हलवून बघितले. त्याला खोट सापडावी अशी त्याची फार इच्छा होती. पाहुणे भरलेले होते आणि जुबेदा एकीला भाकरी थापायला शिकवताना तिच्यावर ओरडत होती, आणि ती पाहुणी खूश होती. तो माझ्या दुकानात येऊन बसला.

"मावशी, हे किती टिकणार?"

"वर्षभर."

"आणि मग?"

"मग ती नवे विणेल."

"आणि तिचे हात चालले नाहीत तर?"

उगाच खोटं कशाला सांगा? मी म्हटलं, "तर मग तू हॉटेलवाल्याला फोन कर. पण तो फोन त्या वर्षी कर, या वर्षी कशाला करतोस?"

तो बराच वेळ मशीनच्या चाकाशी चाळा करत बसला. मी हातावर मारलं तेव्हा थांबला. संध्याकाळी त्याने आईला सांगितलं, एक वर्ष. विहिरीला कठडा मात्र तो स्वतः उभं राहून बांधून घेऊन गेला.

माझं नुकसान झालं ते झालंच. सावलीत जाळी खराब होत नाही. यंदा पावसाळ्यानंतर जुबेदाने शिवायला एक चिंधीसुद्धा आणली नाही. बाकीच्या तंबूवाल्यांनीही मांडव घातले तर मला मशीन विकून टाकावं लागेल. सुदैवाने त्यांना झाप विणता येत नाही आणि ते अजून खोबरेल लावतात.

गेल्या आठवड्यात जुने झाप खाली काढले. कुजून काळे झाले होते, हातात घेतले की भुगा व्हायचा. तिच्या हाताखालच्या दोन बायकांपैकी एक मुलीकडे गेलेली, म्हणून मला बोलावणं आलं. मांडी घालून बसले तेव्हा दोन्ही गुडघे बंदुकीसारखे वाजले. झावळी हातात घेतली. जुबेदाचा फोन समोर नारळाला टेकवून ठेवलेला, त्यात इम्तियाज.

"अम्मी, पुढच्या वर्षाचं काय ठरवलंस?"

"पुढच्या वर्षी विचार," ती म्हणाली. तिने माझ्या हातातला झाप ओढून घेतला, उजेडाकडे धरला आणि फर्रकन उसवला. "गोदे, ही वीण हाय की मासळीचं जाळं? सोड सगळं आणि पहिल्यापासून घाल."